पेरोव्स्काइट आले, सिलिकॉनही राहिले: सौर वीजनिर्मितीचे जागतिक संशोधन कोणत्या दिशेने चालले आहे

भौतिकशास्त्रात नुकतेच पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, सौर वीजनिर्मितीवरचे जे निबंध त्याच्या वाचनात येतात त्यांतले बहुतेक पेरोव्स्काइट या नव्या, विशिष्ट स्फटिकरचनेच्या प्रकाशशोषक पदार्थाविषयी असतात, बाजारात आणि प्रकल्पांवर मात्र सिलिकॉनशिवाय दुसरे काही दिसत नाही. तर मग जगातले संशोधन नेमके कोणत्या दिशेने चालले आहे, सिलिकॉनमध्ये शोधण्यासारखे काही उरले आहे का, आणि महाराष्ट्रात राहून या क्षेत्रात पीएचडी करायची तर विषय कोणता घ्यावा? माझे काम पॅनेलांची चाचणी आणि चालू प्रकल्पांची तपासणी या बाजूचे आहे. त्यामुळे या उत्तरात प्रयोगशाळेतील आकड्यांइतकेच उन्हातान्हात उभ्या असलेल्या पॅनेलांचेही बोलणे येईल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रकाशित निबंधांची संख्या आणि प्रत्यक्षात उभी राहणारी क्षमता ही दोन निरनिराळी मापे आहेत. जगातील सौर विद्युत क्षमतेने 2022 च्या सुरुवातीस एक टेरावॉट, म्हणजे दहा लाख मेगावॉट, हा टप्पा गाठला, आणि पुढचा एक टेरावॉट 2024 च्या अखेरीपर्यंत उभा राहिला. पहिल्या टप्प्याला व्यवहार्य सौर घटाच्या (सोलर सेलच्या) जन्मापासून जवळपास सात दशके लागली होती, दुसऱ्याला तीन वर्षेही लागली नाहीत. 2024 मध्ये जगातील एकूण विजेपैकी सुमारे 7 टक्के वीज सूर्यप्रकाशापासून आली. या सगळ्या पॅनेलांपैकी 95 टक्क्यांहून अधिक सिलिकॉनची आहेत आणि उरलेली मुख्यत्वे कॅडमियम टेल्युराइडची. सिलिकॉनवरचे बरेचसे काम आता कारखान्यांच्या भिंतींआड चालते आणि एकस्व (पेटंट) अर्जांतून बाहेर येते. पेरोव्स्काइटचे काम अजून विद्यापीठांत आहे, म्हणून ते निबंधांतून दिसते. वाचनात येणारा असमतोल मुख्यतः यातून आलेला आहे.

माझे मत असे आहे की, गेल्या दहा-बारा वर्षांत या संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्नच बदलला आहे. पूर्वी तो ‘कार्यक्षमता किती टक्के’ असा होता. आज तो ‘किती वर्षे, किती तापमानात, कोणत्या धातूंच्या भरवशावर, आणि सगळी वीज दुपारीच आली तर तिचे करायचे काय’ असा झाला आहे.

सिलिकॉनपासून सुरुवात करू, कारण त्याचा इतिहास पाहिल्याशिवाय पेरोव्स्काइटचे स्थान कळत नाही. 1954 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअरसन यांनी सुमारे 6 टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन घट जाहीर केला. 1961 मध्ये विल्यम शॉकली आणि हान्स क्वायसर यांनी एकाच अर्धवाहकाचा (सेमीकंडक्टरचा) घट सूर्यप्रकाशाचे जास्तीत जास्त किती विजेत रूपांतर करू शकेल याची सैद्धांतिक मर्यादा काढली. आजच्या हिशेबाने ती सर्वांत अनुकूल अर्धवाहकासाठी सुमारे 33.7 टक्के आणि सिलिकॉनच्या स्वतःच्या गुणधर्मांमुळे सिलिकॉनसाठी सुमारे 29.4 टक्के येते. सिलिकॉनचा पुढचा सगळा प्रवास या मर्यादेकडे सरकण्याचा आहे, आणि त्यातली मुख्य लढाई घटाच्या पृष्ठभागांवर झालेली आहे.

प्रकाशामुळे सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेले रिक्त स्थान वेगवेगळ्या टोकांना पोहोचले तरच वीज मिळते. वाटेत ती दोन्ही पुन्हा एकत्र आली तर त्या ऊर्जेची उष्णता होते. जुन्या घटांच्या मागच्या बाजूस ॲल्युमिनियमचा सलग लेप असे आणि धातू व सिलिकॉन जिथे थेट भेटतात तिथेच हे पुनर्मीलन सर्वाधिक होई. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने मागच्या बाजूस हे पुनर्मीलन रोखणारा निष्क्रिय थर देऊन धातूचा स्पर्श केवळ ठरावीक ठिपक्यांपुरता ठेवला. पर्क या नावाने ओळखला जाणारा हा घट 1989 मध्ये प्रसिद्ध झाला, पण कारखान्यांनी तो मोठ्या प्रमाणावर स्वीकारायला 2015 च्या पुढचा काळ उजाडला, कारण निष्क्रिय थर कारखान्याच्या वेगाने आणि कमी खर्चात देण्याची यंत्रे तोवर तयार नव्हती. या कामासाठी ग्रीन, अँड्र्यू ब्लेकर्स, आयहुआ वांग आणि जियानहुआ झाओ यांना 2023 चे क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पारितोषिक मिळाले. ग्रीन यांचेच विद्यार्थी शी झेंगराँग यांनी 2001 मध्ये चीनमधील वूशी येथे सनटेक ही कंपनी स्थापन केली, आणि तिथून चीनच्या सौर उद्योगाला गती आली. आज पॉलिसिलिकॉन या शुद्ध केलेल्या कच्च्या मालापासून पॅनेलापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर जगाच्या उत्पादनक्षमतेचा 80 टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या चीनकडे आहे. एका विद्यापीठातील प्रयोगशाळेने जगाच्या उद्योगाला इतके खोलवर वळण दिल्याची दुसरी उदाहरणे फार थोडी सापडतील.

पर्कची जागा आता टॉपकॉनने घेतली आहे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील फ्राउनहोफर संस्थेने 2013 मध्ये मांडलेल्या या रचनेत धातू आणि सिलिकॉन यांच्यामध्ये दीड नॅनोमीटरच्या आसपास जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा आणि त्यावर अशुद्धी मिसळलेल्या पॉलिसिलिकॉनचा थर असतो. इलेक्ट्रॉन त्या पापुद्र्यातून पलीकडे जातात, पण पुनर्मीलन घडवणाऱ्या जागा झाकल्या जातात. पर्कला प्रयोगशाळेतून कारखान्यात यायला पाव शतक लागले. टॉपकॉनने दहा-अकरा वर्षांत नव्या उत्पादनाचा बहुतांश भाग व्यापला. तिसरी वाट जपानच्या सान्यो कंपनीने दाखवलेल्या हेटेरोजंक्शनची आहे, ज्यात स्फटिकी सिलिकॉनवर अस्फटिकी सिलिकॉनचे थर दिलेले असतात. मागच्या बाजूस सर्व संपर्क नेलेल्या अशाच घटावर चीनच्या लोंगी कंपनीने 2024 मध्ये 27.3 टक्क्यांची नोंद केली. 29.4 ची मर्यादा समोर ठेवली तर आता उरलेले अंतर दोन टक्क्यांच्या जवळपासचे आहे. त्यामुळे ‘सिलिकॉनमध्ये काही उरले आहे का’ याचे उत्तर असे की, कार्यक्षमतेत थोडे उरले आहे, पण टिकाऊपणात आणि कच्च्या मालाच्या वापरात पुष्कळ उरले आहे. त्याकडे पुढे येतो.

पेरोव्स्काइटची कथा वेगाची आहे. 2009 मध्ये योकोहामा येथील तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने हा पदार्थ रंगद्रव्याने प्रकाश शोषणाऱ्या घटात त्या रंगद्रव्याच्या जागी वापरून 3.8 टक्के कार्यक्षमता दाखवली. तो घट द्रवात होता आणि काही मिनिटांत खराब होत असे. 2012 मध्ये दक्षिण कोरियात नाम-ग्यू पार्क यांनी स्वित्झर्लंडच्या मिखाएल ग्रेत्सेल यांच्या सहकार्याने, आणि ऑक्सफर्डमध्ये हेन्री स्नेथ यांच्या गटाने मियासाकांच्या साथीने, घन स्वरूपातील घट तयार करून कार्यक्षमता 10 टक्क्यांच्या आसपास नेली. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळा या पदार्थाकडे वळल्या आणि आज एकेरी पेरोव्स्काइट घटाची प्रमाणित कार्यक्षमता 26 टक्क्यांच्या पुढे गेली आहे. सिलिकॉनला जे अंतर कापायला अर्धे शतक लागले ते याने पंधरा वर्षांत कापले. याचे कारण पदार्थाच्या स्वभावात आहे. सिलिकॉन 1,400 अंशांहून अधिक तापमानाला वितळवून त्याचा जवळजवळ निर्दोष स्फटिक वाढवावा लागतो. पेरोव्स्काइट मात्र द्रावणातून पसरवून शंभर-दीडशे अंशांवर वाळवला तरी चांगला थर मिळतो, आणि त्याच्या स्फटिकातील बरेच दोष विजेच्या वाटेत फारसे आड येत नाहीत. शिवाय आयोडीन आणि ब्रोमीन यांचे प्रमाण बदलून तो कोणत्या रंगाचा प्रकाश शोषेल हे ठरवता येते.

हा शेवटचा गुण सर्वांत महत्त्वाचा आहे. पेरोव्स्काइटचे खरे भवितव्य सिलिकॉनच्या डोक्यावर आहे, त्याला बाजूला सारण्यात नाही. टँडेम घटात वर पेरोव्स्काइट आणि खाली सिलिकॉन असते. वरचा थर निळ्या-हिरव्या प्रकाशातली जास्त ऊर्जा जास्त विद्युतदाबाने वापरतो आणि लाल व अवरक्त प्रकाश खाली जाऊ देतो. एकावर एक ठेवलेल्या दोन चाळण्यांनी धान्य निवडावे तशी ही प्रकाशाची विभागणी होते. दोन थरांच्या अशा घटाची सैद्धांतिक मर्यादा 40 टक्क्यांच्या बरीच पुढे जाते. बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्राने 2022 च्या अखेरीस 32.5 टक्के, सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विद्यापीठाने 2023 मध्ये 33.7 टक्के आणि लोंगीने 2024 मध्ये 34.6 टक्के अशी या घटाची चढती नोंद आहे. सिलिकॉनचे पॅनेल इतके स्वस्त झालेले असताना एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. 1970 च्या दशकाच्या मध्यास आजच्या किमतीत वॉटला शंभर डॉलरच्या आसपास असणारे पॅनेल 2024 मध्ये दहा सेंटच्या घरात आले, हे खरे आहे. पण नेमके त्यामुळेच प्रकल्पाच्या खर्चात पॅनेलापेक्षा जमीन, लोखंडी सांगाडा, केबल आणि मजुरी यांचा वाटा मोठा झाला, आणि तेवढ्याच जागेत जास्त वीज देणारे पॅनेल हा सगळा खर्च एकदम कमी करते.

आता या आकड्यांकडे तपासनिसाच्या नजरेने पाहा. वर दिलेले विक्रम एक चौरस सेंटिमीटरच्या आसपासच्या घटांचे आहेत, तर प्रकल्पावर बसणारे नेहमीचे पॅनेल अडीच चौरस मीटरचे असते. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने 2024 मध्ये टँडेम पॅनेलांची पहिली व्यापारी खेप अमेरिकेतील ग्राहकाला पाठवली, तेव्हा त्या पॅनेलांची कार्यक्षमता 24.5 टक्के होती. विक्रमी घट आणि विकले जाणारे पॅनेल यांच्यातले हे दहा टक्क्यांचे अंतर कशाने पडते? मोठ्या क्षेत्रावर थर एकसारखा बसत नाही, विजेचा प्रवास लांबतो, जोडणीच्या रेषांखाली प्रकाश पोहोचत नाही, आणि टिकाऊपणासाठी उत्पादक कार्यक्षमतेचा थोडा बळी देतात. हे अंतर कमी करण्याचे काम आज चीन, जर्मनी, दक्षिण कोरिया आणि जपान येथे जोरात चालू आहे, आणि ते जितके भौतिकशास्त्राचे आहे तितकेच रसायन अभियांत्रिकीचे आहे. जपानने यात आपली वेगळी वाट धरली आहे: सपाट जमीन कमी असल्याने तिथे हलक्या, लवचिक पेरोव्स्काइट पत्र्यांवर भर आहे, आणि आयोडीनच्या उत्पादनात तो देश चिलीखालोखाल जगात दुसरा असल्याने कच्चा मालही घरचाच आहे.

टिकाऊपणा ही पेरोव्स्काइटची खरी परीक्षा आहे आणि मला वाटते की पुढची काही वर्षे या क्षेत्रातील सर्वांत चांगले संशोधन इथेच होईल. या पदार्थातील आयोडाइड आयन जागचे हलतात. उष्णता, ओलावा आणि प्रकाश मिळाला की अधिकच हलतात, आणि शेजारच्या थरांत जाऊन धातूला गंजवतात. सुरुवातीच्या मिश्रणांतील मेथिल अमोनियम उष्णतेने उडून जाई, म्हणून आता त्याच्या जागी फॉर्मामिडिनियम आणि सीझियम वापरले जातात. पॅनेलाच्या एका भागावर सावली पडली की त्या घटांवर उलटा विद्युतदाब येतो. सिलिकॉन तो सहन करतो, पेरोव्स्काइटला त्याने कायमची इजा होऊ शकते. सतत प्रकाशात शेकडो तास टिकलेला घट दिवस-रात्रीच्या चक्रात लवकर खचतो, असेही काही रचनांच्या बाबतीत आढळले आहे. यात भर शिशाची आहे: चौरस मीटरला ते ग्रॅमभरच असते, पण पाण्यात विरघळणाऱ्या स्वरूपात असल्याने फुटलेल्या पॅनेलातून ते बाहेर पडू नये यासाठी शिसे धरून ठेवणारे थर शोधले जात आहेत.

पॅनेलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकातील एक चाचणी अशी आहे की पॅनेल 85 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रतेत 1,000 तास ठेवायचे. कक्षातून बाहेर काढल्यावर अंधाऱ्या खोलीत त्यात बाहेरून विद्युतप्रवाह सोडून अवरक्त कॅमेऱ्याने छायाचित्र घेतले की, जिथे घट निरोगी आहे तिथे उजेड दिसतो आणि जिथे ओलावा शिरला आहे तिथे कडेकडेने काळोखी पट्टी आत सरकलेली दिसते. डोळ्यांना मात्र ते पॅनेल नवेकोरे वाटते. ही चाचणी सिलिकॉनच्या अनुभवावरून ठरलेली आहे. ती पार करणे म्हणजे पंचवीस वर्षांची हमी नव्हे, कारण तिच्यात उष्णता, ओलावा, अतिनील किरणे आणि विद्युतदाब हे सगळे एकत्र, प्रत्यक्षात येतात तसे, येत नाहीत. म्हणूनच 2020 मध्ये अनेक देशांतील संशोधकांनी मिळून पेरोव्स्काइटच्या टिकाऊपणाच्या चाचण्या आणि त्यांची नोंद कशी करावी याचे सर्वसंमत निकष प्रसिद्ध केले. पाठोपाठ 2021 मध्ये जगभरच्या निबंधांतून 42,000 पेक्षा जास्त पेरोव्स्काइट घटांची माहिती एका खुल्या संग्रहात एकत्र केली गेली. विखुरलेली माहिती अशी एकसारख्या रूपात आणणे हे काम फारसे चमकदार नाही, पण मला ते एखाद्या नव्या विक्रमाहून मोलाचे वाटते.

आता चालू प्रकल्पांकडे येऊ, कारण आपल्याकडच्या संशोधकाला सर्वाधिक वाव इथे आहे. पॅनेलाच्या मागे छापलेली शक्ती 25 अंश तापमानातली असते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी घटाचे तापमान 65 अंशांपर्यंत सहज जाते. पर्क पॅनेल अंशामागे साधारण 0.34 टक्के शक्ती गमावते, म्हणजे 40 अंशांच्या फरकाला 13.6 टक्के, 550 वॉटचे पॅनेल पूर्ण उन्हात 475 वॉटच्या आसपास येते. हेटेरोजंक्शनचा तोटा अंशामागे 0.25 टक्के धरला तर तेच पॅनेल 495 वॉट देईल. हा वीस वॉटचा फरक खरेदीच्या वेळी फार थोडे जण विचारात घेतात, कारण सगळ्यांची नजर छापील आकड्यावर असते. आणि उष्णतेचा परिणाम तेवढ्या दुपारपुरताही राहत नाही. आयआयटी मुंबई येथील राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्राने राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या साथीने 2013 पासून देशभरातील पॅनेलांची पाहणी अनेक वेळा केली. तीत उष्ण प्रदेशांतील पॅनेले थंड प्रदेशांतील पॅनेलांपेक्षा वेगाने खालावतात, आणि छतांवरच्या लहान संचांची अवस्था मोठ्या प्रकल्पांपेक्षा वाईट असते, असे स्पष्टपणे दिसले. छतावरची पॅनेले बऱ्याचदा पत्र्याला चिकटून बसवलेली असतात, मागून हवा खेळत नाही आणि बसवतानाची हाताळणीही निष्काळजी असते, हे कारण कोणत्याही गावात फिरून पाहिले तरी लक्षात येते.

धुळीवरही चांगले काम झाले आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ आणि आयआयटी गांधीनगर यांच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवले की पॅनेलांवर साचलेल्या थरात वजनाने 92 टक्के धूळच असली, तरी उरलेले काजळीसारखे बारीक प्रदूषक कण वजनाच्या मानाने फार जास्त प्रकाश अडवतात आणि काचेला घट्ट चिकटतात. जागतिक पातळीवर धुळीमुळे सौर विजेचे 3 ते 4 टक्के उत्पादन बुडते, असा अंदाज 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. दुष्काळी तालुक्यात टँकरच्या पाण्याने पॅनेले धुणे हे कोणाच्याच मनाला पटणारे नाही, म्हणून पाण्याविना सफाई हा विषय आपल्यासाठी जिव्हाळ्याचा आहे. एमआयटी येथे 2022 मध्ये श्रीदत्त पनत आणि कृपा वाराणसी यांनी विद्युतप्रभाराने धूळ उडवून लावण्याची पद्धत दाखवली. ती चालायला हवेत 30 टक्क्यांच्या पुढे आर्द्रता लागते. राजस्थान किंवा मराठवाड्याच्या उन्हाळी दुपारी ती मिळणार नाही, पण पहाटे मिळू शकेल, आणि सफाई पहाटेच करायची असते. असे प्रयोग आपल्या हवेत करून पाहायला हवेत.

टॉपकॉनच्या वेगवान प्रसाराने काही नव्या तक्रारीही आणल्या आहेत. पॅनेल मोठे करताना पुढे 3.2 मिलिमीटरची कडक केलेली काच आणि मागे प्लास्टिकचा पडदा ही जुनी रचना सोडून दोन्ही बाजूंना 2 मिलिमीटरच्या काचा आल्या. इतकी पातळ काच जुन्या काचेइतकी कडक करता येत नाही. मी तपासलेल्या एका प्रकल्पात ना गारपीट झाली होती ना दगड लागला होता, तरी कितीतरी पॅनेलांच्या मागच्या काचेला चिमट्याच्या कोपऱ्यापासून निघून मधल्या जोडणी-पेटीपर्यंत गेलेले तडे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनेही अशा काचफुटीची दखल घेतली आहे. काही नव्या घटांचा निष्क्रिय थर अतिनील किरणांनी खालावतो, आणि आतल्या चिकट थरातून ओलावा गेला तर चांदीच्या बारीक रेषांखालचा संपर्क गंजतो, हेही प्रकाशित अभ्यासांतून पुढे आले आहे. घटाची रचना दर तीन-चार वर्षांनी बदलते आणि हमी पंचवीस ते तीस वर्षांची दिली जाते. मधले अंतर विश्वासार्ह प्रवेगित चाचण्यांनीच भरता येईल, आणि अशा चाचण्या अजून पुरेशा नाहीत.

कच्च्या मालाचा प्रश्नही आता संशोधनाच्या अग्रभागी आहे. सिलिकॉनच्या वापरात मोठी बचत झाली: 2004 च्या सुमारास वॉटमागे 16 ग्रॅम लागणारे पॉलिसिलिकॉन आता 2 ग्रॅमच्या आसपास लागते, कारण चकत्या पातळ झाल्या आणि हिऱ्याच्या तारेने कापताना भुसा कमी पडतो. चांदीचे मात्र तसे झालेले नाही. घटावरच्या बारीक रेषा चांदीच्या असतात आणि सौर उद्योग जगातील चांदीच्या एकूण मागणीचा साधारण सहावा हिस्सा उचलतो. तांबे हा साहजिक पर्याय आहे, पण तांब्याचे अणू सिलिकॉनमध्ये शिरले की घट खराब होतो, म्हणून मध्ये निकेलचा अडसर घालून तांब्याचा मुलामा देणे किंवा तांब्याच्या कणांवर चांदीचा वर्ख चढवणे या दोन्ही वाटांनी काम चालू आहे. हेटेरोजंक्शनला इंडियम लागते आणि ते दुर्मीळ आहे. मोडीत निघणाऱ्या पॅनेलांबद्दल आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने 2016 मध्येच 2050 पर्यंत 7 कोटी 80 लाख टनांचा अंदाज दिला होता. भारताने ई-कचरा नियम, 2022 मध्ये सौर पॅनेलांचा समावेश केला आहे, पण काच, चांदी आणि सिलिकॉन एकमेकांपासून स्वच्छ वेगळे करण्याचे तंत्र स्वस्त करणे बाकी आहे.

आरशांनी उष्णता एकवटून वाफेवर वीज करण्याच्या तंत्राबद्दल थोडक्यात सांगतो. पॅनेले स्वस्त झाल्यावर ते मागे पडले. त्यात उरलेला खरा लाभ वितळलेल्या क्षारात उष्णता साठवून रात्री वीज देण्याचा आहे, आणि आता संशोधन त्याहून जास्त तापमान सहन करणाऱ्या वाळूसारख्या कणांकडे व कारखान्यांना थेट उष्णता पुरवण्याकडे वळले आहे.

वीजजाळ्याचा भाग याहून मोठा आहे. औष्णिक केंद्रातील फिरते जनित्र आपल्या जडत्वाने जाळ्याची वारंवारता सावरून धरते. पॅनेलांची वीज जाळ्याला जोडणाऱ्या इन्व्हर्टरला असे जडत्व नसते. म्हणून जाळ्यातील विद्युतदाब आणि वारंवारता स्वतः घडवणाऱ्या इन्व्हर्टरांवर ऑस्ट्रेलिया, युरोप आणि अमेरिका येथे काम वाढले आहे. दुसरा विषय पूर्वानुमानाचा आहे. उपग्रहाची छायाचित्रे, आकाशाकडे रोखलेले कॅमेरे आणि यंत्रशिक्षण यांच्या साहाय्याने पुढच्या काही तासांतील उत्पादन सांगणाऱ्या पद्धती बऱ्याच सुधारल्या आहेत, पण त्यातल्या बहुतेक युरोप-अमेरिकेच्या हवामानावर घडवलेल्या आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून महाराष्ट्रात शेतीच्या फीडरना दिवसा सौर वीज देणारे लहान प्रकल्प मोठ्या संख्येने उभे राहत आहेत. जुलैतल्या दुपारी ढग कधी येईल आणि किती वेळ थांबेल, हे त्या फीडरवरच्या पंपांसाठी कळीचे आहे, आणि मोसमी ढगांचे हे गणित आपल्यालाच सोडवावे लागेल.

शेती आणि पॅनेले एकाच जमिनीवर, ही कल्पना फ्रायबुर्गचेच आडोल्फ गोट्सबर्गर आणि आर्मिन झास्ट्रो यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीस मांडली होती. जर्मनीतील हेगेलबाख येथील शेतावर पाच मीटर उंचीवर बसवलेल्या 194 किलोवॉटच्या संचाखाली बटाटा, गहू आणि इतर पिके घेतली गेली. 2018 च्या कडक, कोरड्या उन्हाळ्यात तिथे पीक आणि वीज वेगवेगळ्या जमिनींवर घेण्याच्या तुलनेत जमिनीची एकत्रित उत्पादकता 186 टक्के मोजली गेली. ॲरिझोनाच्या रखरखीत हवेत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पॅनेलांखालच्या चिल्टेपिन मिरचीचे उत्पादन तिप्पट झाले आणि खाली पीक असल्याने पॅनेलेही दिवसा थंड राहिली. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने आपल्याकडे असे काम केले आहे. आपल्या द्राक्ष आणि डाळिंब बागाईतदारांना उन्हापासून आच्छादन घालण्याची सवय आधीच आहे. ते आच्छादन वीज देणारे असले तर फळावर, रोगावर आणि पाण्यावर काय परिणाम होतो, याची अनेक हंगामांची मोजमापे कोणीतरी घ्यायला हवीत. हे काम कृषी विद्यापीठाला सोबत घेतल्याशिवाय होणार नाही.

विषयाच्या निवडीबद्दल आता थेट सांगतो. पेरोव्स्काइट-सिलिकॉन टँडेममध्ये काम करायचे असेल तर त्यासाठी योग्य साधने असलेली जागाच शोधावी. आयआयटी मुंबईत दिनेश काब्रा यांच्या गटाने चार टोकांच्या, म्हणजे दोन्ही थरांची जोडणी स्वतंत्र असलेल्या, टँडेम घटात 30 टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता गाठली आहे, आणि अशा गटात शिकायला मिळणे ही मोठी संधी आहे. तेवढी सामग्री नसलेल्या महाविद्यालयात विक्रमाच्या मागे लागू नये. तिथे उष्णता, अतिनील किरणे आणि धूळ यांचा एकत्रित परिणाम, चिकट थरांचे आणि पातळ काचांचे वर्तन, किंवा मोसमी ढगांतील पूर्वानुमान हे विषय घेता येतील. त्यांना लागणारी मुख्य गोष्ट म्हणजे गच्चीवरची मोकळी जागा, सूर्यप्रकाशाची तीव्रता मोजणारा चांगला प्रारणमापक, पॅनेलाच्या मागे चिकटवलेले तापमानमापक आणि खंड न पडता चालणारी नोंद. दख्खनच्या पठारावरच्या हवेतील अशी अनेक वर्षांची अखंड नोंद जगातल्या कोणत्याही चाचणी प्रयोगशाळेला उपयोगी पडेल.

आणि निबंध वाचताना कार्यक्षमतेच्या आकड्याशेजारी काही गोष्टी शोधाव्यात: घटाचे क्षेत्रफळ किती होते, मोजमाप स्वतंत्र प्रयोगशाळेने प्रमाणित केले का, तो आकडा विद्युतदाब झरझर बदलून घेतलेला आहे की घट काही मिनिटे स्थिर चालवून, आणि किती घटांपैकी हा एक होता. पेरोव्स्काइटमध्ये दाब चढवताना आणि उतरवताना वेगळे आकडे येऊ शकतात, त्यामुळे यातला तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. मार्टिन ग्रीन आणि त्यांचे सहकारी 1993 पासून ठरावीक अंतराने प्रमाणित कार्यक्षमतेचे तक्ते प्रसिद्ध करतात; एखादा विक्रम त्या तक्त्यात नसेल, तर तो आपल्या प्रबंधात तुलनेसाठी घेऊ नये.